व्याधाला घराबाहेर काढताना

सप्तर्षींतले पाच तारे एका घरचे आणि दोन पाहुणे, हे मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत आले. शाळेत सांगितलं, गच्चीवर जमलेल्या पोरांना सांगितलं, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही वाण द्यायच्या आधी अंगणात उभं करून सांगितलं. वाक्य आजही खरं आहे. वसिष्ठ, अंगिरस, अत्री, पुलस्त्य आणि पुलह हे पाच जण एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने चालले आहेत. क्रतू आणि मरीची यांची वाट वेगळी. पण 'कशावरून?' असं कुणी विचारलं की मी ज्या सहजतेने 'सोबत चालतात म्हणून' असं म्हणायची, ती सहजता आता माझ्यात उरलेली नाही.

त्या उत्तरामागे आणखी एक मत होतं. ते मी फारसं बोलून दाखवत नसे, पण मनात पक्कं होतं. ठळक तारे म्हणजे आकाशातली कर्ती मंडळी, आणि ज्यांचं तोंडही दुर्बिणीशिवाय दिसत नाही ते मंद लाल तारे म्हणजे खानेसुमारी. त्यांच्या याद्या कुणीतरी कराव्यात, आपण वाचू नयेत. पत्रिकांमध्ये 'जवळच्या समूहातले नवे लघुवस्तुमानी तारे' अशा धर्तीचं शीर्षक दिसलं की मी पान उलटायची. आता तीच पानं आधी उघडते. दोन्ही मतं एकाच कारणाने बदलली, म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते.

माझं माहेर पुण्याचं. आकाशाचा नाद लागला तो टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत. १९४४ साली स्थापन झालेली ही हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था. लग्न होऊन राहूला आले ती रुखवतात दुर्बीण घेऊनच, आणि काही दिवस तिला (आणि मला) बघायला माणसं येत होती. गावाचं नाव ऐकून पुण्यातले ओळखीचे लोक ग्रहणाचा एक विनोद हमखास करतात. तो इथे पुन्हा करत नाही.

राहू दौंड तालुक्यात, भीमा आणि मुळा-मुठा यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. भीमा ओलांडली की शिरूर तालुका. सगळा मुलूख उसाचा. पश्चिमेला पुण्याचा उजेड दर वर्षी थोडा आणखी वर चढतो, चौकाचौकात हायमास्ट आलेत, आणि हिवाळ्यात वारा पडला की गुऱ्हाळांच्या चुलवाणांचा धूर हलता हलत नाही. तरी दक्षिण बाजू अजून बरी आहे. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीच येते, त्यामुळे घरातलं कुणी ना कुणी उसाला दारं धरायला रात्री रानात असतं. आणि बिबट्यामुळे एकटं कुणी जात नाही. धाकट्या दिरांना सोबत हवी असते, मला अंधार हवा असतो. असं आमचं जमून गेलं.

एका रात्री सप्तर्षी चांगले वर आले होते. मी त्यांना पाच आणि दोनचा हिशोब सांगितला.

"पाच एका घरचे, हे कशावरनं म्हणता वहिनी?"

"पाची जण एकाच दिशेने चाललेत, भाऊजी."

"मग? यवतला पालखीच्या दिवशी निम्मा महाराष्ट्र एकाच दिशेनं चाललेला असतोय. ती काय सगळी भावकी का?"

एवढं बोलून ते बॅटरी घेऊन पुढची सरी बघायला गेले.

या एका वाक्याने माझं मत बदललं असं लिहिलं तर गोष्ट झकास होईल, पण तसं झालं नाही. मला राग आला. आपण विज्ञान सांगतोय आणि हे मध्येच पालखी काढतात! मी त्यांना पाठीमागून मोठ्याने ऐकवलंसुद्धा, की ताऱ्यांचे वेग सेकंदाला किलोमीटरमध्ये मोजलेले असतात, हा काही अंदाजपंचे कारभार नाही. मोजमापाबद्दल त्यांनी शंका घेतलीच नव्हती, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला.

मोजमाप खरोखर चोख आहे. ताऱ्याची चाल कळायला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: आकाशावर तो आडवा किती सरकतो, ही त्याची निजगती; तो किती लांब आहे; आणि तो आपल्याकडे येतोय की दूर जातोय, जे वर्णपटातल्या रेषा किती सरकल्या त्यावरून कळतं. १८६९ मध्ये रिचर्ड प्रॉक्टर या इंग्रज खगोलज्ञांनी नकाशावर ताऱ्यांच्या निजगतीचे बाण काढले, तेव्हा सप्तर्षींतले पाच बाण एकाच दिशेला दिसले. तीन वर्षांनी विल्यम हगिन्स यांनी वर्णपटावरून त्यांच्या जाण्यायेण्याची गतीही सारखी असल्याचं सांगितलं. हा समूह आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहे आणि आजच्या हिशोबाने त्याचं वय ४० कोटी वर्षांच्या आसपास आहे. एकाच मेघातून जन्मलेले, विखुरत चाललेले, पण जन्माच्या वेळची चाल न सोडलेले असे तारे म्हणजे मूव्हिंग ग्रुप.

विखुरणं किती होतं, याचा एक सोपा हिशोब आहे आणि मला तो फार आवडतो. दोन ताऱ्यांच्या वेगात सेकंदाला फक्त १ किलोमीटरचा फरक असला, तर १० लाख वर्षांत त्यांच्यात सव्वातीन प्रकाशवर्षांचं अंतर पडतं. म्हणजे २ कोटी वर्षांत पासष्ट. म्हणून तरुण समूहसुद्धा आकाशात एका जागी पुंजक्यासारखा दिसत नाही. तो आपल्या चहूबाजूंना पसरलेला असतो, आणि ओळखायला फक्त चाल उरते. मी चालीवर इतकी विसंबले होते ती उगाच नाही.

आता व्याध. १९०९ मध्ये एयनार हर्ट्‌झस्प्रुंग यांनी सप्तर्षींच्या पाच ताऱ्यांच्या चालीशी जुळणारे तारे आकाशभर शोधले आणि त्या यादीत चक्क व्याध घातला. आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, मृगाच्या मागे धावणारा, तो सप्तर्षींच्या घरचा! माझ्या जुन्या वहीत व्याधाच्या नावापुढे लाल शाईने 'सप्तर्षी परिवार' असं लिहिलेलं आहे. हे सांगायला किती छान वाटायचं, ते कसं सांगू. उत्तरेला बोट करायचं, मग गर्रकन दक्षिणेला वळायचं, आणि पोरांची तोंडं बघायची.

पुढे हिशोब बसेना. व्याधाला एक जोडीदार आहे, जळून संपलेल्या ताऱ्याचा गाभा, पांढरा बटू. तो मूळ किती वजनाचा असेल, तेवढा तारा जळून संपायला किती काळ लागला असेल आणि त्यानंतर गाभा किती काळ थंड होत आला आहे, यावरून व्याधाचं वय काढता येतं. ते २४ कोटी वर्षांच्या आसपास येतं. २४ कोटींचा तारा ४० कोटींच्या भावंडांबरोबर जन्मला असं म्हणता येत नाही. २००३ मध्ये या समूहाची नव्याने छाननी झाली तेव्हा व्याधाला जागा उरली नाही. चाल बऱ्यापैकी जुळत होती, जन्म जुळत नव्हता. हे मी वाचलं तेव्हा पहिल्यांदा दिरांचं यवत आठवलं, आणि खरं सांगायचं तर जरा चडफडलेच.

यवतची गोष्ट राहूकरांना सांगावी लागत नाही. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघते, यवतला मुक्काम करते, तिथली पिठलं-भाकरी खाऊन वरवंडकडे जाते. त्या रस्त्यावर एका गावची एक दिंडी असते, पिढ्यान्‌पिढ्या एकत्र निघणारी. आणि दिंडीच्या आगेमागे असंख्य माणसं असतात, जी एकमेकांना ओळखतही नाहीत. रस्ता एक आहे म्हणून ती सोबत आहेत. आकाशगंगेतही हे दोन्ही प्रकार आहेत. १९८९ ते १९९३ या काळात हिप्पार्कस उपग्रहाने लाखाहून अधिक ताऱ्यांच्या निजगती मोजल्या. त्यांचे वेग नकाशावर मांडले तेव्हा मोठमोठे झोत दिसले. त्या झोतांत वयाने तरुण तारे होते आणि अब्जावधी वर्षांचे म्हातारेही होते. ते एका मेघातले असणं शक्यच नव्हतं. आकाशगंगेच्या मध्याशी असलेला दांडा आणि तिचे सर्पिल बाहू फिरताना आपल्या गुरुत्वाने ताऱ्यांना ठरावीक चालींकडे ढकलतात. परकेही मग एका चालीने चालू लागतात. रस्ताच त्यांना तसं चालायला लावतो.

याहून मजेची गोष्ट म्हणजे आपला सूर्य. आपल्या आसपास विखुरलेल्या सप्तर्षी समूहाच्या ताऱ्यांमध्ये तो आज आहे, एबी डोरॅडस नावाच्या आणखी एका समूहाचे तारेही त्याच्या चहूबाजूंना आहेत. पण तो आहे साडेचार अब्ज वर्षांचा. त्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

तरी मी पूर्ण वळले नव्हते. व्याध हा अपवाद असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग कॅस्टर समूह हातचा गेला. १९९८ मध्ये पुनर्वसूतला कॅस्टर, अभिजित आणि दक्षिणेतला फोमलहॉट हे एका समूहातले, वय साधारण २० कोटी, असं मांडलं गेलं होतं. काय नावं आहेत बघा! मी त्यावर एक अख्खं व्याख्यान रचलं होतं, स्लाइडसकट. पुढे फोमलहॉटचं वय नव्याने काढलं ते ४४ कोटी निघालं, आणि २०१३ च्या सुमारास वेगांची मोजणी बारकाईने तपासली तेव्हा हे तीन तारे भूतकाळात कधी एका जागी होते असं दिसेना. स्लाइड अजून संगणकात पडून आहेत.

त्याच २०१३ मध्ये, त्याच फोमलहॉटबद्दल, दुसरी एक गोष्ट सिद्ध झाली. त्याच्यापासून आकाशात जवळजवळ सहा अंश दूर असलेला एक क्षुल्लक लाल बटू हा त्याचाच तिसरा जोडीदार आहे. सहा अंश म्हणजे बारा पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढं. इतका लांबचा तारा त्याचा आहे हे चाल आणि अंतर दोन्ही जुळल्यामुळेच कळलं. म्हणजे चाल फसवते असं म्हणून हात झटकावेत, तर तेही जमत नाही. ठळक त्रिकूट मोडलं आणि कुणाला न दिसणारा तारा सख्खा निघाला. इथे माझं लक्ष पहिल्यांदा त्या मंद ताऱ्यांकडे गेलं.

आकाशगंगेतल्या चारपैकी जवळजवळ तीन तारे लाल बटू आहेत, आणि त्यातला एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एकही नाही. आपण ज्याला आकाश म्हणतो ते मूठभर श्रीमंतांचं आहे. पण ताऱ्यांच्या वयाचा प्रश्न आला की हे गरीबच कामाला येतात, आणि हे मला बीटा पिक्टोरिसने शिकवलं.

बीटा पिक्टोरिस राहूहून दिसतो. जानेवारी-फेब्रुवारीत अगस्त्य दक्षिणेला वर आला की त्याच्या उजवीकडे, क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर, एक मध्यम तारा असतो. ६३ प्रकाशवर्षं दूर. १९८४ मध्ये त्याच्याभोवती धुळीच्या तबकडीचं छायाचित्र मिळालं आणि तो जगप्रसिद्ध झाला: ग्रह घडताना दिसू शकतील असा तारा! पण त्याचं वय? कुणी एखाद कोटी म्हणत होतं, कुणी दहा कोटींच्या पुढे. अशा तेजस्वी ताऱ्याच्या अंगावरून वय वाचणं कठीण असतं. तारुण्यात त्याचं रूप फार वेगाने ठरून जातं आणि मग कित्येक कोटी वर्षं फारसं बदलत नाही.

१९९९ मध्ये स्पॅनिश खगोलज्ञ डेव्हिड बॅराडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या चालीशी जुळणारे लाल बटू शोधले. त्यात एयू मायक्रोस्कोपी आणि एटी मायक्रोस्कोपी होते. लाल बटू आकुंचन पावून स्थिर व्हायला कोट्यवधी वर्षं घेतो, म्हणून कोवळा असताना तो फुगलेला आणि वजनाच्या मानाने जास्त तेजस्वी असतो. हे दोघे तसेच होते. त्यावरून वय निघालं साधारण २ कोटी वर्षं. थोरल्याचं वय धाकट्यांवरून कळलं. कॅस्टर समूह मांडणाऱ्यांतही हेच बॅराडो होते, हे मला नंतर समजलं, आणि त्यांच्याबद्दलचा आदर कमी न होता उलट वाढला.

एयू मायक्रोस्कोपी मी पाहिला आहे. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी मकर राशीच्या खाली, सूक्ष्मदर्शी नावाच्या रिकाम्या वाटणाऱ्या तारकासमूहात. साध्या बायनॉक्युलरमधून एक फिकट टिंब. दिरांना दाखवला तर म्हणाले, "एवढ्यासाठी?" हो, एवढ्यासाठी. ३२ प्रकाशवर्षांवरचा हा तारा आणि अगस्त्याशेजारचा तो, एक ऑक्टोबरात आणि एक फेब्रुवारीत दिसणारा, आकाशाच्या दोन टोकांना आहेत कारण त्यांच्या विखुरलेल्या कुटुंबाच्या मध्ये आपण उभे आहोत. एयू मायक्रोस्कोपीभोवतीही तबकडी आहे, आणि २०२० मध्ये त्याच्याभोवती साडेआठ दिवसांत फिरणारा ग्रह जाहीर झाला.

फुगीरपणा ही एक खूण. त्याहून मला पटलेली खूण म्हणजे लिथियम. तारा जन्मतो तेव्हा त्याच्यात थोडं लिथियम असतं. आकुंचन होताना गाभा तापतो, आणि सुमारे २५ लाख अंशांना लिथियम नष्ट होऊ लागतं. सूर्यासारख्या ताऱ्यात पृष्ठभागावरचा वायू गाभ्यापर्यंत जात नाही, म्हणून वर लिथियम बराच काळ टिकून राहतं. छोट्या लाल बटूत मात्र वरचा वायू खाली आणि खालचा वर असा सतत ढवळत असतो. त्यामुळे गाभा पुरेसा तापला की थोड्याच काळात साऱ्या ताऱ्यातलं लिथियम संपतं. वर्णपटाच्या लाल भागात ६७०.८ नॅनोमीटरवर एक रेषा असते. ती आहे की नाही, एवढंच पाहायचं.

आणि इथे खरी गंमत आहे. तारा जितका हलका, तितका गाभा उशिरा तापतो. म्हणून एका समूहातल्या लाल बटूंची तेजाप्रमाणे रांग लावली, तर एका ठिकाणी सीमा दिसते: तिच्या वरच्या ताऱ्यांत लिथियम संपलेलं, खालच्यांत शिल्लक. ही सीमा कुठे पडते त्यावरून समूहाचं वय निघतं, आणि वय वाढत जाईल तशी ती खाली सरकते. बीटा पिक्टोरिसच्या समूहाला या रीतीने २ कोटींहून थोडं अधिक वय मिळालं. कृत्तिकांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. त्यांचं वय मोठ्या निळ्या ताऱ्यांवरून ७ ते १० कोटी वर्षं मानलं जायचं. १९९८ मध्ये त्यांच्यातल्या अतिमंद सदस्यांच्या लिथियमवरून ते १२ कोटींच्या घरात गेलं. कृत्तिका म्हटलं की आपल्याला सहा-सात तारे दिसतात. वय बरोबर सांगितलं ते न दिसणाऱ्यांनी.

सूर्याच्या साधारण सहा टक्क्यांहून कमी वजन असलेल्या वस्तूत मात्र लिथियम कधीच जळत नाही. तिथे लिथियम दिसलं म्हणून तरुण म्हणायची सोय नाही, तिथे गुरुत्वाच्या खुणा बघाव्या लागतात, म्हणजे सोडियमच्या रेषा किती फिक्या आहेत वगैरे. क्ष-किरणांचंही तसंच. तरुण लाल बटू क्ष-किरण आणि अतिनील प्रकाश भरपूर फेकतात, आणि १९९० च्या रोसॅट उपग्रहामुळे असे कितीतरी सापडले. पण लाल बटू कोट्यवधी वर्षांनंतरही उधळलेलाच राहू शकतो. शिवाय दोन म्हातारे तारे एकमेकांना खेटून फिरत असतील, तर एकमेकांमुळे ते गरागरा फिरतात आणि तरुणासारखे चमकतात. अशा जोडीचं तेज एकाच ताऱ्याचं मानलं, तर ती फुगीर, कोवळीही वाटते. एकच गोष्ट दोनदा फसवते.

जोडी कशी फसवते याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या कुरुंदवाडला जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णी यांच्या कामातलं आहे. १९९५ मध्ये त्यांच्या चमूने मृगाच्या पायाखालच्या शशक तारकासमूहात, १९ प्रकाशवर्षांवरच्या एका लाल बटूशेजारी, ग्लिझे २२९ बी ही वस्तू जाहीर केली. तिच्या वर्णपटात मिथेन होता, म्हणजे ती तारा म्हणवण्याइतकी गरम नव्हतीच. निःशंकपणे ओळखलेला पहिला थंड तपकिरी बटू. पुढे तिचं वजन मोजलं ते गुरूच्या ७० पट भरलं, आणि एवढ्या वजनाला तिचं तेज फारच कमी होतं. वय वाढवून पाहिलं, प्रारूपं बदलून पाहिली. २०२४ मध्ये उलगडा झाला की ते दोन तपकिरी बटू आहेत, गुरूच्या ३८ आणि ३४ पट वजनाचे, बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. जवळजवळ तीस वर्षं सगळ्या पाठ्यपुस्तकांत ते एक होते.

वय चुकलं तर काय बिघडतं, असं मला पूर्वी वाटे. दोन कोटी काय आणि चार कोटी काय, आपल्याला दोन्ही सारखेच. देवयानी तारकासमूहातल्या काप्पा अँड्रोमेडीने ही बेफिकिरी घालवली. त्याच्याशेजारी २०१२ मध्ये एक मंद वस्तू दिसली. तारा कोलंबा नावाच्या तरुण समूहातला, वय ३ कोटी, असं मानलं तर तिचं वजन गुरूच्या १३ पट येत होतं. म्हणजे ग्रह म्हणायला जेमतेम चालेल. अशा वस्तू वयाप्रमाणे थंड होत जातात, म्हणून तेजावरून वजन काढायचं तर वय आधी हवं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तारा २२ कोटी वर्षांचा आहे असं मांडलं, आणि वस्तू गुरूच्या ५० पट झाली. ग्रह राहिलीच नाही. २०१६ मध्ये ताऱ्याचा आकार थेट मोजून वय आलं ४.७ कोटी, वजन २२ पट. वस्तू तीच, तिथेच, तेवढ्याच प्रकाशाची. बदलत होतं ते फक्त ताऱ्याचं कुळ.

इथे मी पूर्ण बदलले. एखादा तारा समूहातला आहे असं म्हणणं म्हणजे त्याच्या ग्रहाचं वजन ठरवणं, हे लक्षात आल्यावर त्या मंद ताऱ्यांच्या याद्या मला कंटाळवाण्या वाटेनाशा झाल्या. प्रत्येक ओळीपुढे कुणीतरी रात्र घालवून वर्णपट घेतलेला असतो. एखाद्या नावापुढे 'लिथियम नाही' असं लिहिलेलं असतं, आणि बाकी सगळं जुळत असूनही ते नाव यादीतून काढलेलं असतं. सापडलेल्या ग्रहांच्या बातम्या सगळीकडे येतात. काढलेल्या नावांच्या कुठेच येत नाहीत. मी आता तीच आधी बघते.

याचा अर्थ चालीचं महत्त्व कमी झालं असा नाही. गाया उपग्रहाने आपलं काम २०२५ च्या सुरुवातीला संपवलं, तोवर जवळजवळ दीडशे कोटी ताऱ्यांचं अंतर आणि निजगती आपल्या हाती आली होती. त्यावर बॅनियनसारखी संगणकीय पद्धत चालते. ती ४९० प्रकाशवर्षांच्या आतल्या २७ तरुण समूहांशी ताऱ्याची चाल ताडून पाहते आणि सांगते की हा बीटा पिक्टोरिसचा असण्याची शक्यता ९९ टक्के. पूर्वी मी हा ९९ चा आकडा निकाल म्हणून वाचला असता. पण मंद लाल बटूंपैकी बहुतेकांची येण्याजाण्याची गती मोजलेलीच नसते. गायाकडे ही गती साधारण ३.४ कोटी ताऱ्यांचीच आहे, आणि तेही त्यातल्या त्यात तेजस्वी. त्यामुळे ९९ टक्के याचा अर्थ एवढाच, की या ताऱ्याचा वर्णपट घ्यायला रात्र खर्च करणं वाया जाणार नाही.

पुण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीला हे सगळं मान्य आहे, फक्त मुलांसमोर बोलणं मान्य नाही. तीही शाळांमध्ये आकाशदर्शन करते. तिचं म्हणणं, पोरांना गोष्ट हवी असते. सप्तर्षी आणि व्याध एका घरचे म्हटलं की त्यांना आयुष्यभर आठवतं, आणि तू टक्के आणि लिथियम काढलंस की ती जांभया देतात. जांभया देतात हे खरं आहे, मी पाहिल्या आहेत. मी तिला म्हणते, १९०९ मध्ये व्याधाला घरात घेतलं आणि जवळजवळ शंभर वर्षांनी जन्मतारीख तपासून बाहेर काढलं, यात गोष्ट नाही का? ती म्हणते, आहे, पण ती आठवीच्या पुढच्यांना सांग. मी पाचवीपासून सांगते. या डिसेंबरात तिच्या शाळेत आम्ही दोघी मिळून कार्यक्रम घेणार आहोत, आणि व्याध उगवल्यावर माइक कुणी धरायचा हे अजून ठरलेलं नाही.